समान चलनाने व्यापार किती वाढतो? एका सहगुणकाचे प्रकरण

2000 साली अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू रोझ यांनी एक आकडा मांडला आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासकांची झोप उडाली. एकच चलन वापरणाऱ्या दोन देशांमधला व्यापार, बाकी सगळे सारखे असताना, वेगवेगळी चलने वापरणाऱ्या देशांच्या तिपटीहून अधिक असतो, असे त्यांचे रिग्रेशन (एका गोष्टीवर इतर प्रत्येक गोष्टीचा परिणाम वेगळा मोजणारे समीकरण) सांगत होते. समान चलनाचा सहगुणक, म्हणजे समीकरणातला त्याच्या परिणामाचा आकडा, 1.21 होता. अवलंबी चल, म्हणजे व्यापार, नैसर्गिक लॉगमध्ये असल्याने तो तसाच वाचायचा नसतो. ई (2.718) चा 1.21 वा घात म्हणजे 3.35, म्हणजे 235 टक्के वाढ. युरो हिशेबी चलन म्हणून जानेवारी 1999 मध्ये आला होता, नोटा आणि नाणी जानेवारी 2002 मध्ये यायची होती, आणि ब्रिटन व स्वीडनमध्ये आत जायचे की नाही यावर वाद चालू होता. अशा वेळी 235 टक्के ही केवळ संशोधनातली गोष्ट राहत नाही.

पुढच्या वीस वर्षांत हा आकडा 92 टक्क्यांवर आला, 50 टक्क्यांच्या आसपास स्थिरावला आणि शेवटी शून्यापासून वेगळा ओळखता येईना. प्रत्येक पायरीवर पॅनेल डेटाचे (त्याच देशांच्या अनेक वर्षांच्या नोंदींचे) एक नवे हत्यार वापरले गेले. या पायऱ्या नीट पाहिल्या की एक गोष्ट दिसते. फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे प्रत्येक जोडीला, देशाला किंवा वर्षाला दिलेला वेगळा स्थिरांक, बदलला की तुलना कोणाची कोणाशी चालली आहे तेच बदलते, आणि उत्तर त्यामुळे हलते.

ते 330 कोण?

रोझ यांच्या डेटामध्ये 186 देश आणि प्रदेश होते, वर्षे 1970, 1975, 1980, 1985 आणि 1990, एकूण नोंदी 33,903. मॉडेल नेहमीचेच, ग्रॅव्हिटी. दोन अर्थव्यवस्थांचा आकार वाढला की व्यापार वाढतो, अंतर वाढले की घटतो. यान टिनबर्गेन यांनी 1962 मध्ये व्यापाराला लावलेले हे समीकरण आजही इतके चांगले बसते की नवख्या अभ्यासकाला लगेच आत्मविश्वास येतो. इथेच सावध राहायला हवे, कारण मॉडेल एकंदर चांगले बसणे आणि त्यातला एक सहगुणक विश्वासार्ह असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत.

समान चलनाच्या नोंदी होत्या फक्त 330, म्हणजे शंभरात एक. त्यात प्रामुख्याने छोटी बेटे, जुन्या वसाहती, आणि मोठ्या देशाचे चलन उसने घेणारे लहान देश. पनामा 1904 पासून अमेरिकी डॉलर वापरतो. पण पनामाच्या मधून कालवाही जातो, आणि तोही अमेरिकेनेच खोदून पूर्ण केला. या जोडीचा व्यापार अंदाजापेक्षा जास्त निघाला तर श्रेय डॉलरला द्यायचे की कालव्याला? सगळ्या वर्षांच्या नोंदी एकत्र टाकून केलेले रिग्रेशन हा प्रश्न विचारतच नाही. ते चलन एक असलेल्या जोड्या आणि नसलेल्या जोड्या यांची सरासरी पाहते. समान भाषा, समान वसाहतकर्ता, समान सीमा अशी चले घालता येतात, पण न मोजता येणारी जवळीक उरतेच. ती चलनाशीही जोडलेली असते आणि व्यापाराशीही, म्हणून सहगुणक फुगतो.

जोडीनिहाय फिक्स्ड इफेक्ट

उपाय सरळ होता. प्रत्येक जोडीला स्वतःचा स्थिरांक द्या. मग अंतर, भाषा, इतिहास, कालवा, जे जे काळानुसार बदलत नाही ते सगळे त्या स्थिरांकात जाते आणि जोडीची तुलना तिच्या स्वतःच्याच आधीच्या-नंतरच्या काळाशी होते. रूवेन ग्लिक आणि रोझ यांनी 2002 मध्ये 217 देशांचा 1948 ते 1997 पर्यंतचा डेटा घेऊन हेच केले. सहगुणक 0.65 आला. ई चा 0.65 वा घात 1.92, म्हणजे व्यापार जवळपास दुप्पट. आकडा निम्म्याहून खाली आला, तरी थोडाथोडका नव्हता.

आता या अंदाजाला माहिती कोण पुरवते ते बघा. पनामा-अमेरिका जोडी पूर्ण काळ एकाच स्थितीत असल्याने तिचे योगदान शून्य. चलनस्थिती बदललेल्या जोड्याच बोलतात. त्यांतही आत येणारे थोडे होते. मालीने 1962 मध्ये सीएफए फ्रँक (आफ्रिकेतल्या जुन्या फ्रेंच वसाहतींचे समान चलन) सोडला आणि 1984 मध्ये परत घेतला, तशी उदाहरणे मोजकी. बहुतेक बदल बाहेर पडण्याचे, आणि 1950 ते 1980 या काळातले. म्हणजे चलन जोडले की काय होते हा आपला प्रश्न, आणि उत्तर देणारे बहुतांश चलन तोडणारे. दोन्हींचा परिणाम सारखाच आणि उलट दिशेचा असतो हे गृहीत धरावे लागते.

त्याहून मोठी अडचण, चलन का तुटले? पूर्व आफ्रिकी शिलिंग वापरणारे केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी स्वातंत्र्यानंतर 1966 च्या सुमारास आपापली चलने काढली. त्या दशकांत वसाहती व्यापाराची सगळी घडीच विस्कटत होती. आयातदार कंपन्या, जहाजमार्ग, सवलतीचे जकातदर, सगळे हळूहळू सुटत गेले. चलन हा त्यातला एक धागा. जोडीचा स्थिरांक न बदलणाऱ्या गोष्टी पुसतो, जोडीच्या आतच हळूहळू बदलणाऱ्या गोष्टी पुसत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण आखाती रुपयाचे. भारतीय रुपया आखातात चालत असे. सोन्याच्या तस्करीतून परकीय चलनाची गळती होऊ लागली तेव्हा रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये फक्त तिथे चालणाऱ्या वेगळ्या नोटा काढल्या. कुवेतने 1961 मध्ये आणि बहारीनने 1965 मध्ये स्वतःचे दिनार आणले. 6 जून 1966 ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर 4.76 रुपयांवरून 7.50 वर गेला, आणि कतार-दुबईने रुपया सोडला. याच काळात अबू धाबीतून 1962 पासून तेलाची निर्यात सुरू झाली होती, आणि भारतात आयात परवान्यांचे निर्बंध कडक होते. भारत-आखात जोडीतला बदल रुपया गेल्यामुळे झाला, की तेलामुळे, की परवान्यांमुळे? शिवाय या चलनसंबंधावर सर्वाधिक पोसलेला व्यवहार, सोन्याचा, अधिकृत आकडेवारीत नव्हताच.

उलट बाजूचे उदाहरण आयर्लंडचे. आयरिश पौंड दीर्घकाळ स्टर्लिंगशी एकास एक जोडलेला होता. मार्च 1979 मध्ये तो दुवा तुटला. इथे युद्ध नाही, फाळणी नाही, वसाहतीचा शेवट नाही. युरोपीय चलनव्यवस्थेत सामील होण्याचा धोरणात्मक निर्णय तेवढा. ब्रिटनशी व्यापारावर याचा ठळक परिणाम आढळला नाही. एका जोडीवरून निष्कर्ष काढता येत नाही हे खरे, पण बदलाचे कारण जितके स्वच्छ तितका परिणाम लहान, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सोने, चांदी, कांस्य

रिचर्ड बाल्डविन आणि डारिया टॅग्लिओनी यांनी 2006 मध्ये ग्रॅव्हिटीच्या अभ्यासांतल्या चुकांना पदके वाटली. थट्टा होती, पण नेमकी.

कांस्यपदक चुकीच्या किंमत निर्देशांकासाठी. सगळा व्यापार अमेरिकी किंमत निर्देशांकाने भागून 'वास्तविक' करायचा, ही सवय. लॉग समीकरणात वर्षांचे डमी (त्या वर्षी 1, एरवी 0 असे चल) असतील तर ही चूक आपोआप पुसली जाते, कारण भागाकाराचा लॉग म्हणजे वजाबाकी आणि ती वर्षाच्या स्थिरांकात जाते. नसतील तर नाही.

रौप्यपदक दोन्ही दिशांचा व्यापार आधी एकत्र करून मग लॉग घेण्यासाठी. अ ची ब ला निर्यात 400 आणि ब ची अ ला 100 असेल तर साधी सरासरी 250 आणि तिचा लॉग 5.52. सिद्धांताला हवी असते लॉगांची सरासरी, म्हणजे 200 चा लॉग, 5.30. फरक 0.22, साधारण 25 टक्के. व्यापार जितका एकतर्फी तितकी ही फूग मोठी. म्हणून प्रत्येक दिशा ही वेगळी नोंद ठेवायची.

सुवर्णपदक मात्र सगळ्यांत महाग. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांशी खूप व्यापार करतात, कारण बाकी जग दोघांपासूनही दूर आहे. तितक्याच अंतरावरचे पोर्तुगाल आणि ऑस्ट्रिया यांना आसपास भरपूर पर्याय आहेत. दोघांमधला अडथळा महत्त्वाचा असतोच, पण इतर सर्वांशी असलेल्या अडथळ्यांच्या तुलनेत तो किती, यावर व्यापार ठरतो. जेम्स अँडरसन आणि एरिक व्हॅन विनकूप यांनी 2003 मध्ये हे सूत्रबद्ध केले. ही बहुपक्षीय प्रतिरोधाची पदे दरवर्षी बदलतात, त्यामुळे देशाचा एक कायम स्थिरांक पुरत नाही. निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष असे दोन संच घालावे लागतात. देशाचा जीडीपी, महागाई, तेलाची तेजी, सर्वांना सारखे लागू असलेले आयात परवाने, हे सगळे त्यांत शोषले जाते. आखाती रुपयाच्या उदाहरणातले तेल आणि परवाने बऱ्याच अंशी इथे निकाली निघतात. जीडीपीचा सहगुणक आता मिळत नाही, आणि त्याची गरजही नसते.

ग्लिक आणि रोझ यांनी 2016 मध्ये जोडी, निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष असे तिन्ही संच एकत्र वापरले. डेटा 200 हून अधिक देशांचा, 1948 ते 2013. युरोमुळे निर्यात सुमारे 50 टक्के वाढली असे उत्तर आले. मॉडेलची रचना आता पाठ्यपुस्तकात शोभावी अशी होती. चूक शोधायला जागा उरली होती ती फक्त एका ठिकाणी, डाव्या बाजूच्या लॉगमध्ये.

लॉगने केलेली गफलत

सांतोस सिल्वा आणि टेनरेयरो यांनी 2006 मध्ये दाखवलेली अडचण दोन छोट्या हिशेबांत कळते. एका गटात व्यापार निम्म्या वेळा 50 आणि निम्म्या वेळा 150. दुसऱ्यात निम्म्या वेळा 90 आणि निम्म्या वेळा 110. दोन्हींची सरासरी 100. पण लॉगांच्या सरासरीवरून परत आलो तर पहिल्यात 86.6 आणि दुसऱ्यात 99.5 मिळतात. लॉगचे रिग्रेशन दुसरा गट 15 टक्के पुढे आहे असे सांगेल, प्रत्यक्षात फरक शून्य आहे. समान चलनाने व्यापारातली चढउतार कमी होत असेल, तर सरासरी व्यापार तसूभर न वाढताही सहगुणक धन येईल. प्रमाणित त्रुटी (सहगुणकातल्या अनिश्चिततेचे माप) 'रोबस्ट' केल्याने हे सुटत नाही, कारण बिघाड त्रुटीत नाही, सहगुणकातच आहे.

दुसरी गोष्ट शून्यांची. छोट्या देशांच्या जोड्यांमध्ये बऱ्याच वर्षी व्यापार शून्य असतो आणि शून्याचा लॉग नसतो. त्या नोंदी गळतात. कोणी एक मिळवून लॉग घेतात. मग एकक डॉलर की दशलक्ष डॉलर, यावर उत्तर बदलते. असे अजिबात करू नये.

पर्याय पॉयसन स्यूडो मॅक्सिमम लाइकलिहुड, म्हणजे पीपीएमएल. व्यापार मूळ पातळीत ठेवायचा, मॉडेल गुणाकारी ठेवायचे. व्यापार पॉयसन वितरणाचा असण्याची गरज नाही, सरासरीचे समीकरण बरोबर असले की पुरते. अडचण संगणकाची होती. 200 देश घेतले तर दिशायुक्त जोड्या 200 गुणिले 199, म्हणजे 39,800 स्थिरांक. 66 वर्षे धरली तर निर्यातदार-वर्षाचे 13,200 आणि आयातदार-वर्षाचेही तेवढेच. साठ हजारांहून अधिक डमी घातलेले पॉयसन नेहमीच्या पद्धतीने सुटत नाही. मारिओ लार्च, योश्का वानर, योतो योतोव आणि थॉमस झिल्किन यांनी आवर्ती पद्धतीने ते सोडवले आणि 200 हून अधिक देशांवर, पासष्ट वर्षांवर चालवले. चलनसंघांचा एकंदर परिणाम आणि युरोचा वेगळा परिणाम, दोन्ही आकाराने लहान आणि सांख्यिकीदृष्ट्या शून्यापासून वेगळे न करता येणारे निघाले. नमुन्यात देश वाढवत नेले तसतसे लॉगचे आणि पीपीएमएलचे उत्तर एकमेकांपासून दूर गेले.

हे दूर जाणे वजनांवरून समजते. लॉगच्या रिग्रेशनला जर्मनी-फ्रान्स ही एक नोंद आणि टोंगा-मलावी हीही एक नोंद. छोटे देश वाढवाल तसा युरो देशांच्या व्यापाराचा संदर्भ त्या कृश, गोंगाटी नोंदींवरून ठरू लागतो. पीपीएमएलमध्ये मोठ्या प्रवाहांचे वजन आपोआप जास्त असते, त्यामुळे पन्नास बेटे आणखी आली तरी फार हलत नाही. तुलनेचा गट किती महत्त्वाचा ते युरोच्या पहिल्याच काही वर्षांत दिसले होते. मिक्को, स्टाइन आणि ऑर्दोनेझ यांनी 2003 मध्ये फक्त 22 विकसित देश घेऊन, 1992 ते 2002 च्या डेटावर, 4 ते 16 टक्क्यांदरम्यानची उत्तरे मिळवली. इतर सर्व जोड्यांशी तुलना केली तर 4 ते 10, युरोबाहेरच्या देशांच्या आपसातल्या व्यापाराशी केली तर 8 ते 16.

हे स्वतः करून पाहायचे असेल तर

मॉडेल चालवायला अर्धा तास लागतो. डेटा बसवायला अनेक आठवडे. स्टाटा या सांख्यिकी प्रोग्रॅममध्ये 'पीपीएमएलएचडीएफई' आणि आर मध्ये 'फिक्सेस्ट' पॅकेजमधले 'एफईपॉइस' हे तीन संच सहज पेलतात. खरी कसोटी आधीच्या फायलींत असते.

युरोच्या बाबतीतला सर्वांत फसवा सापळा बेल्जियम-लक्झेंबर्गचा. दोघांचे व्यापारी आकडे 1998 पर्यंत एकत्र येतात आणि 1999 पासून वेगळे. नेमके युरोचे वर्ष. दोन वेगळे देश धरलेत तर जुन्या वर्षांची नोंद गायब, आणि बेल्जियमचा जोडी-स्थिरांक दोन वेगवेगळ्या भौगोलिक वस्तूंचा. सुरक्षित मार्ग, 1999 नंतरचेही दोघांचे आकडे बेरजेने एकत्र करणे आणि आपसातला व्यापार वगळणे. दुसरे वर्ष 1993. एकल बाजारपेठ आली आणि युरोपीय संघातल्या व्यापाराची नोंद सीमेवरच्या जकात कागदांऐवजी कंपन्यांच्या विवरणपत्रांवरून होऊ लागली. मूल्यवर्धित कराच्या फसवणुकीत तोच माल कागदोपत्री सीमेवरून फिरत राहतो, तेही या आकड्यांत येते. रॉटरडॅमला उतरून पुढे जर्मनीला गेलेला माल नेदरलँड्सच्या खात्यात पडण्याचा प्रश्न वेगळाच. यांतले बरेचसे देश-वर्ष स्थिरांक शोषतात, जोडीनिहाय उरते ते नाही.

आयातीचे आकडे विमा-भाड्यासह आणि निर्यातीचे त्याविना असतात. एकाच प्रवाहासाठी कधी एक, कधी दुसरा असे मिसळू नका. कोरी जागा म्हणजे शून्य की नोंदच नाही, हे स्रोतागणिक तपासा. पीपीएमएलला शून्य चालते, पण न नोंदवलेल्या व्यापाराला शून्य म्हणणे म्हणजे डेटा बनवणे. व्यापार चालू डॉलरमध्येच ठेवा. पीपीएमएलमध्ये किंमत निर्देशांकाने भागल्यास वर्षावर्षांची वजने बदलतात आणि उत्तरही थोडे सरकते. लॉगसारखे ते आपोआप पुसले जात नाही.

युरोचा डमी प्रत्यक्ष तारखांनी भरा. 1999 ला अकरा देश, मग ग्रीस 2001, स्लोव्हेनिया 2007, सायप्रस आणि माल्टा 2008, स्लोव्हाकिया 2009, एस्टोनिया 2011, लाटविया 2014, लिथुआनिया 2015, क्रोएशिया 2023. युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा आणि मुक्त व्यापार करारांचा वेगळा डमी नसेल तर संघाचे सगळे श्रेय चलन खाऊन टाकते. स्लोव्हेनिया 2004 ला संघात आला आणि तीनच वर्षांत युरोत, त्यामुळे हे दोन परिणाम वेगळे करण्यासाठी हाताशी फारसा काळ नाही.

मॉडेल धावल्यावर आधी किती नोंदी गळल्या ते वाचा. ज्या जोडीत सगळी वर्षे शून्य, तिचा स्थिरांक उणे अनंताकडे जातो आणि प्रोग्रॅम ती जोडी काढून टाकतो. ते योग्यच आहे, पण लॉगच्या आणि पीपीएमएलच्या उत्तराची तुलना करताना एकदा तरी दोन्ही नेमक्या त्याच नोंदींवर चालवा. मग फरक शून्यांमुळे आहे की वजनांमुळे, हे कळते. क्लस्टरिंग (एकमेकांशी जोडलेल्या नोंदींचे गट धरून त्रुटी मोजणे) फक्त जोडीवर केले तर प्रमाणित त्रुटी बऱ्याचदा खोटी लहान निघते, कारण जर्मनीचा एखादा धक्का जर्मनीच्या सगळ्या जोड्यांत जातो. निर्यातदार, आयातदार आणि वर्ष अशा तिन्ही दिशांनी क्लस्टर करा. तीन संचांच्या पीपीएमएलमध्ये देश कमी असतील तर खुद्द सहगुणकाच्या आकड्यातही थोडी पद्धतशीर चूक राहते; तीस-चाळीस देशांच्या नमुन्यात ती दुर्लक्षून चालत नाही.

आणि शेवटची चाचणी, जी अनेक निबंधांत नसते. युरोचा डमी चार वर्षे आधी सरकवून त्याच समीकरणात सोबत घाला. भविष्यातल्या चलनाने आजचा व्यापार हलता कामा नये. हा पुढचा डमी ठळक आला तर जोडी आधीपासूनच जवळ येत होती. हेल्गे बर्गर आणि फोल्कर निच यांनी 2008 मध्ये 1948 पासूनची मालिका घेऊन नेमके हेच दाखवले. युरो देशांचा आपसातला व्यापार अर्धशतक सलग घट्ट होत आला होता, आणि तो कल समीकरणात घातल्यावर 1999 च्या पायरीपाशी काहीच उरले नाही.